शब्दांच्या चतुःसीमा

जमिनीचें खरेदीखत ज्यानें एकदां वाचलें आहे त्याला चतुःसीमा म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गांवची पाणंद, दक्षिणेस अमक्याचें शेत, उत्तरेस तमक्याची वाडी, अशा चार ओळी लिहिल्या कीं मालकाची हद्द ठरली. पुढें ओढा आपलें पात्र बदलतो, पाणंदीचा हमरस्ता होतो, आणि त्या चार ओळींचा अर्थ काय यासाठीं दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. मनुष्याच्या बुद्धींतून निघालेल्या वस्तूलाही अशाच चतुःसीमा घालाव्या लागतात. आणि तेथें ओढा किंवा पाणंद नसून केवळ शब्दच असतात, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत आलेली नसते. पेटंटाच्या कायद्यांत ह्या शब्दांच्या कुंपणास 'क्लेम' म्हणतात. मराठींत 'दावा' म्हणावें, तर तो शब्द कोर्टांतील फिर्यादीस दिलेला आहे. तेव्हां येथें 'हक्ककलम' असा शब्द घेतला म्हणजे घोटाळा होणार नाहीं.

हें कुंपण किती मोलाचें आहे हें समजण्यास बोईसरासारखें दुसरें ठिकाण नाहीं. बोईसर स्टेशनावरून पश्चिमेस समुद्राच्या बाजूला निघालें कीं वाटेंत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत लागते. औषधें, रंग, रसायनें, कापड आणि पोलाद यांचे कारखाने तेथें आहेत. पलीकडे किनाऱ्यावर तारापूरचा जुना किल्ला आहे. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. त्याच किनाऱ्यावर १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र सुरू झालें. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेला हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर ह्या स्वतंत्र जिल्ह्यांत मोडतो.

ह्याच वसाहतींतील एका औषधांच्या कारखान्यांत २१ ऑगस्ट २०२५ रोजीं चार कामगार मरण पावले. वृत्तपत्रांत कारण आलें तें नायट्रोजन वायूची गळती हें. नायट्रोजनला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आणि खरें पाहतां तो विषारीही नाहीं. प्रत्येक श्वासाबरोबर जी हवा आंत जाते तिचा सुमारें अठ्ठ्याहत्तर टक्के भाग तोच असतो. तो मारतो तो दुसऱ्याची जागा बळकावून. मोकळ्या हवेंत प्राणवायु सुमारें २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खालीं आला कीं तेथें काम करणें धोक्याचें मानतात. बंद जागेंत नायट्रोजन भरूं लागला म्हणजे प्राणवायूचें प्रमाण उतरत जातें, आणि माणसाला आपण गुदमरत आहों हें कळण्यापूर्वींच त्याची शुद्ध हरपते.

अशा जागीं वायुसूचक यंत्र, म्हणजे ज्याला हल्लीं सर्वत्र सेन्सर म्हणतात तें, बसवावें हें कोणीही सांगेल. पण तें कोणत्या वायूचें? नायट्रोजन तर सगळीकडेच आहे; त्याचें अस्तित्व ओळखून कांहींच निष्पन्न होत नाहीं. म्हणून अशा जागीं मोजावयाचा असतो तो प्राणवायु, आणि इशारा द्यावयाचा असतो तो त्याच्या अभावाचा. एक सेन्सर पाहुणा आल्याची वर्दी देतो, दुसरा घरधनी निघून गेल्याची. दोघांनाही लोक 'वायुसूचक' ह्या एकाच नांवानें ओळखतात. येथूनच शब्दांचा तंटा सुरू होतो.

ह्या यंत्राचा पूर्वेतिहास दिव्यापासून सुरू होतो. १८१५ सालीं इंग्लंडांत हंफ्रे डेव्ही यानें कोळशाच्या खाणींसाठीं जाळीचा दिवा तयार केला. ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी असल्यामुळें आंतील आग बाहेरच्या ज्वालाग्राही वायूस लागत नसे. खाणकामगारांनीं मात्र त्या दिव्याचा आणखी एक उपयोग शोधून काढला. हवेंत ज्वालाग्राही वायु असला कीं ज्योतीच्या टोकावर निळसर टोपी दिसे. प्राणवायु कमी पडला कीं ज्योत मंदावे आणि विझे. आलेल्याची आणि गेलेल्याची, दोन्ही वर्दी एकच ज्योत देई. डेव्हीनें ह्या दिव्याचें पेटंट घेतलें नाहीं. त्यामुळें त्याचें हक्ककलम कोणीं लिहिलें नाहीं, आणि त्या ज्योतीच्या दोन गुणांपैकीं हक्क कोणत्या गुणावर, हा प्रश्न कोणाही न्यायाधीशापुढें आला नाहीं.

विसाव्या शतकांत दिव्याची जागा विजेनें घेतली. १९५९ च्या सुमारास शेफील्ड येथील खाणसुरक्षेच्या संशोधनसंस्थेंत ॲलन बेकर यानें प्लॅटिनमच्या सूक्ष्म तारेवर उत्प्रेरकाचा मणी चढविला. ज्वालाग्राही वायु त्या तापलेल्या मण्यावर जळतो, मणी अधिक तापतो, तारेचा विद्युत्-रोध वाढतो, आणि त्यावरून वायूचें प्रमाण कळतें. १९६२ सालीं जपानांत नाओयोशी तागुची यानें निराळाच मार्ग धरला. त्यानें कथलाच्या ऑक्साइडाचा थर तापविला. ज्वालाग्राही वायु लागतांच त्या थराचा रोध उतरतो असें त्यास आढळलें, आणि त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. घरगुती गॅसच्या गळतीनें होणारे स्फोट टाळावे हा त्याचा हेतु होता. प्राणवायु मोजण्याची रीत तिसरीच आहे. तेथें लहानशा विद्युत्-घटांत प्राणवायूची रासायनिक क्रिया होते आणि जितका प्राणवायु तितका प्रवाह वाहतो.

ह्यांत एक मर्म आहे. बेकरचा मणी वायु जाळून ओळखतो, आणि जळण्यास प्राणवायु लागतो. जेथें प्राणवायूच उरला नाहीं तेथें ज्वालाग्राही वायु कितीही असला तरी मणी थंड राहतो आणि यंत्र कांहीं बोलत नाहीं. त्या मौनाचा अर्थ 'धोका नाहीं' असाही होईल, आणि 'येथें जाळण्यापुरतीही हवा नाहीं' असाही होईल. जाणता मनुष्य म्हणून दोन यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवतो.

आतां ह्या यंत्रांच्या कुंपणाकडे वळूं. हिंदुस्थानांत शोधाच्या हक्काचा पहिला कायदा १८५६ सालचा. त्या सालच्या मार्च महिन्यांत कलकत्त्याचे स्थापत्यशास्त्री जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनीं पहिला अर्ज केला, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. पुढच्याच वर्षीं हा कायदा रद्द झाला. कारण तो करतांना इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमति घेतलेली नव्हती. १८५९ सालीं दुसरा कायदा आला, १८८८ सालीं आणखी एक, आणि १९११ सालीं जो आला तो स्वराज्यानंतरही कांहीं काळ चालला. स्वातंत्र्यानंतर प्रथम न्यायमूर्ति बक्षी टेकचंद यांची समिति बसली, मग न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ सालीं आपला अहवाल दिला, आणि त्यांतून १९७० चा पेटंट कायदा निघाला. तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला.

ह्या कायद्यानें अन्न, औषध व रसायनें यांच्या बाबतींत पदार्थावर हक्क देण्याचें बंद केलें. हक्क मिळे तो केवळ तयार करण्याच्या कृतीवर. त्यामुळें तेंच औषध निराळ्या कृतीनें करणाऱ्यास वाट मोकळी झाली, आणि देशांतील औषधधंद्यास मोठें पाठबळ मिळालें. साहजिकच त्या काळांत सारा वाद कृतीच्या शब्दांवर येऊन ठेपे. अमुक द्रावण अमुक उष्णतेवर तापवावें असें कलमांत असेल, तर दुसऱ्या द्रावणांत तापविणारा हद्दींत आला कीं हद्दीबाहेर राहिला? २००५ पासून पदार्थावरील हक्क पुन्हां मिळूं लागला. पण शब्दांचा वाद कांहीं मिटला नाहीं. सेन्सर हें यंत्र असल्यानें त्यास ही बंदी कधींच नव्हती. तथापि शब्दांच्या कसोटीतून त्याचीही सुटका नाहीं.

कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणें अर्जदारानें आधीं आपल्या शोधाचें सविस्तर वर्णन द्यावयाचें असतें आणि शेवटीं हक्ककलमें लिहावयाचीं असतात. तीं स्पष्ट व आटोपशीर असावीं, आणि वर्णनांत जेवढें उघड केलें तेवढ्यावरच आधारलेलीं असावीं, असा दंडक आहे. मुंबईच्या पेटंट कचेरीनें अर्ज फेटाळला तर अपील करतां येतें. मध्यंतरीं ह्या कामासाठीं स्वतंत्र अपीलमंडळ होतें; २०२१ सालीं तें मोडल्यावर हीं अपिलें उच्च न्यायालयाकडे आलीं.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं बोईसरच्या एखाद्या लहान कारखानदारानें नवा सेन्सर केला आहे. त्याच्या हक्ककलमाचे शब्द असे आहेत: 'बंद जागेंतील वायूचें प्रमाण ठराविक मर्यादा ओलांडतांच इशारा देणारें, तापविलेल्या धातूच्या ऑक्साइडाचा थर असलेलें यंत्र.' कचेरी म्हणते, कीं ऑक्साइडाचा तापविलेला थर तागुचीच्या काळापासून सर्वांस ठाऊक आहे, तेव्हां ह्यांत नवें तें काय? कारखानदार अपिलांत सांगतो, कीं वर्णन पाहावें. तेथें 'वायु' म्हणजे प्राणवायु आणि 'ओलांडणें' म्हणजे मर्यादेच्या खालीं उतरणें असेंच सांगितलें आहे. कचेरीचें उत्तर असें, कीं तसें म्हणावयाचें होतें तर कलमांतच कां लिहिलें नाहीं?

मराठी भाषा ह्या वादांत दोन्ही पक्षांना थोडी थोडी मदत करते. नदी अलीकडून ओलांडतां येते तशी पलीकडूनही येते. मर्यादा वर जाऊन ओलांडतां येते आणि खालीं येऊनही. पण साध्या बोलण्यांत मर्यादा ओलांडली म्हटलें कीं ती वाढून ओलांडली असेंच मनांत येतें. मग न्यायाधीशानें कोणता अर्थ घ्यावा? आणि अर्जदाराच्या वर्तनाकडेही पाहावें लागतें. हक्क मिळविण्याच्या वेळीं तो म्हणतो, माझें शेत मुठीएवढें आहे, कोणाच्याही हद्दीस तें लागत नाहीं. हक्क मिळाल्यावर शेजाऱ्यास कोर्टांत खेंचतांना तोच म्हणूं लागतो, कीं समुद्रापर्यंत सारें माझेंच. कुंपण दोन्ही वेळां एकाच जागीं असलें पाहिजे, हा ह्या शास्त्रांतला पहिला न्याय होय. अपिलाच्या वेळीं कलम सुधारतां येतें. पण एकोणसाठाव्या कलमाप्रमाणें सुधारलेलें कलम मूळच्या हद्दीच्या आंतच राहिलें पाहिजे. कुंपण आंत घेतां येतें, बाहेर सरकवितां येत नाहीं. तेव्हां आपल्या कारखानदारानें 'वायु'च्या जागीं 'प्राणवायु' आणि 'ओलांडतांच' च्या जागीं 'मर्यादेखालीं उतरतांच' असें लिहून घेणें हा शहाणपणाचा मार्ग. मात्र वर्णनांत त्यास आधार हवा.

वर्णन आधीं वाचावें कीं कलम आधीं, ह्या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालच्या डिसेंबरांत एक महत्त्वाचा निर्णय दिला. तो खटला मिर्झापूरच्या भांड्यांचा. तेथें पितळेचीं भांडीं चरकावर धरून घासण्याच्या एका साधनावर १९५१ सालचें पेटंट होतें. जुन्या पद्धतींत भांडें फिरतां फिरतां निसटून कारागिराच्या अंगावर उडण्याचें भय असे. नव्या साधनानें तें पक्कें धरलें जाई, असें पेटंटवाल्यांचें म्हणणें. अलाहाबाद उच्च न्यायालयांत एका न्यायाधीशानें पेटंट रद्द केलें. अपिलांत दोन न्यायाधीशांनीं तें पुन्हां उभें केलें. सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां मोडलें. न्यायमूर्ति सरकारिया यांनीं १८७१ च्या एका इंग्रजी निर्णयाचा आधार घेऊन सांगितलें, कीं आधीं वर्णन वाचावें, म्हणजे शोध काय आहे हें मनांत ठसतें, आणि मग हक्ककलमाकडे वळावें. त्या वाचनांत असें आढळलें कीं चरकाला भांडें दाबून धरण्याची युक्ति जुनीच होती. हा शोध नव्हे, कसबी कारागिरानें केलेली सुधारणा आहे. कारागिराच्या हातास अपाय होऊं नये हा हेतु कितीही चांगला असला तरी तेवढ्यानें जुनी युक्ति नवी होत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या काळीं पेटंटाची मुदत सोळा वर्षांची होती. शेवटचा शब्द उच्चारला जाईपर्यंत ती केव्हांच संपून गेली होती.

मुंबईच्या उच्च न्यायालयांतही असा एक मोठा खटला १९६८ सालीं निकालांत निघाला. मधुमेहावरील टोलब्युटामाइड ह्या औषधाच्या पेटंटावरून एका जर्मन कंपनीनें युनिकेम कंपनीस कोर्टांत खेंचलें. वर्णन अपुरें आहे, शोध निरुपयोगी आहे, तो सहज सुचण्याजोगा आहे, असे नाना आक्षेप बचावांत घेतले गेले. न्यायमूर्ति विमदलाल यांनीं ते सारे तपासून अखेर पेटंट कायम ठेवलें. मिर्झापुरांत कुंपण पडलें, मुंबईंत टिकलें. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच, कीं लिहिलेल्या शब्दांत खरोखर सामावलें आहे तरी किती.

इंग्लंडांत ह्याच प्रश्नाचीं दोन टोकें दिसून आलीं. १९३८ सालीं लॉर्ड्सच्या सभागृहानें रेडिओच्या एका खटल्यांत सांगितलें, कीं जें कलमांत मागितलें नाहीं तें सोडून दिलें असें समजावें. पुढें १९८० सालीं दाराखिडक्यांवर बसविण्याच्या पोलादी तुळईचा खटला त्याच सभागृहापुढें आला. कलमांत मागची पट्टी 'उभी' असावी असें होतें. प्रतिपक्षानें ती सहा अंश कलती ठेवली आणि म्हटलें, आमची उभी नाहीं. पण त्या कलण्यानें तुळईची भार पेलण्याची शक्ति शेंकडा एकाहूनही कमी उतरत होती. लॉर्ड डिप्लॉक यांनीं ठरविलें, कीं हा शब्द भूमितीच्या गुरुजींसाठीं लिहिलेला नाहीं, बांधकाम करणाऱ्यांसाठीं लिहिलेला आहे. आणि त्यांच्या लेखीं ती पट्टी उभीच. युरोपीय पेटंट कचेरीच्या अपीलमंडळांतही ह्यावर मतभेद होता. कांहीं मंडळें म्हणत, कलम स्पष्ट असेल तर वर्णन उघडूंच नये. १८ जून २०२५ रोजीं तेथील विस्तृत मंडळानें निकाल दिला, कीं आरंभ कलमापासूनच करावा. मात्र वर्णन आणि आकृत्या नेहमींच पाहाव्या, केवळ संदिग्धता असेल तेव्हांच नव्हे.

शब्दाचा अर्थ लावण्याचें हें शास्त्र आपल्याकडे परकें नाहीं. ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना आरंभ व शेवट यांची एकवाक्यता, पुन्हां पुन्हां आलेली गोष्ट, अपूर्वता, फल, स्तुति आणि युक्ति इतक्या खुणा पाहाव्या, असें मीमांसकांनीं सांगून ठेवलें आहे. त्यांतील 'अपूर्वता' म्हणजे इतर कोठेंही न सांगितलेलें. पेटंटाच्या परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असतो. शब्दाची सत्ता स्थळानुसार कशी बदलते हेंही ह्या मुलखास ठाऊक होतें. मिताक्षरा आणि व्यवहारमयूख यांत मतभेद पडला तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोंकण येथें मयूखाचें म्हणणें वरचढ, असें इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं ठरविलें होतें. पालघर हें उत्तर कोंकणांतलेंच. तेव्हां वारसाच्या वांट्याचा तंटा असो कीं सेन्सरच्या हक्काचा, कोणतें वचन आधीं वाचावें यावर कोणास काय मिळेल हें ठरतें, हा अनुभव येथील घराघरांत जुना आहे.

मग कुंपण रुंद असावें कीं अरुंद? रुंद असलें तर 'वायु' ह्या एका शब्दाखालीं सारे वायु आणि त्यांचे अभावही एकाच मालकाच्या पदरांत पडतील. दुसरा कोणी अधिक चांगलें यंत्र करूं धजणार नाहीं, आणि त्याची किंमत कारखान्यांत राबणारा देईल. फार अरुंद असलें तर शेजारी एक शब्द बदलून शोध पळवील. मग वर्षानुवर्षें खपून नवें यंत्र करण्यास कोण बसेल? दोन्हींकडे नुकसान त्याच माणसाचें, जो टाकीच्या तोंडाशीं उभा असतो. भोपाळ येथें १९८४ सालच्या डिसेंबरांत विषारी वायूनें हजारों जीव घेतल्यानंतर १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत धोक्याच्या उद्योगांविषयीं नवें प्रकरण घातलें गेलें. तेव्हांपासून वायूची आगाऊ सूचना हा केवळ मालकाच्या इच्छेचा प्रश्न राहिलेला नाहीं.

म्हणून हक्ककलमाचा शब्द आणि यंत्रावरच्या पाटीचा शब्द ह्यांत फार अंतर असतां कामा नये. अपिलांत वकिलानें 'वायु' म्हणजे प्राणवायु असें सिद्ध केलें, तर कामगाराच्या छातीवरच्या यंत्रावरही 'प्राणवायु' असेंच, आणि त्यास वाचतां येईल अशा अक्षरांत, लिहिलेलें असावें. न्यायालयांत न लिहिलेल्या शब्दाचा अर्थ एकच होतो, कीं तेवढा हक्क सोडून दिला. आणि तेथें चूक झाली तरी वर अपील आहे. टाकीच्या आंत न वाजलेल्या घंटेचे अर्थ दोन होतात, आणि त्यांतला कोणता खरा हें ठरविण्यास तेथें न्यायाधीश नसतो.